नकाशावर निळं नव्हतं

माझ्या खिडकीवर माणूस सरासरी सहा मिनिटं थांबायचा. हे मी आठवडाभर घड्याळ लावून मोजलं होतं. शेजारच्या खिडकीवर तोच माणूस पंधरा मिनिटं थांबायचा आणि जाताना हातात कोरा अर्ज घेऊन जायचा.

आमचं कार्यालय पाणथळ जागा आणि सरोवराचा किनारा यांच्या संरक्षणाचं. कुठे भर टाकता येते, कुठे नाही, किनाऱ्यापासून किती अंतर सोडायचं, हे विचारायला लोक आमच्या दोन खिडक्यांवर येत. प्रश्न तऱ्हेतऱ्हेचे. होडी बांधायला खांब रोवला तर चालेल का. किनाऱ्यावरची झुडपं छाटली तर कोण बघतंय. एका गृहस्थांच्या प्लॉटच्या कोपऱ्यात बेडूक ओरडायचे, तर तो कोपरा सरकारजमा होणार का, एवढंच त्यांना हवं होतं.

शेजारच्या खिडकीवर ज्या बसत त्यांना सगळे अर्जकाकू म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्या खिडकीवर होत्या आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: "अर्ज करा. माणूस येऊन बघेल." कुणीतरी त्यांना स्वच्छतागृह कुठे आहे म्हणून विचारलं, तर त्यांनी अर्ज पुढे सरकवला, अशी एक गोष्ट ऑफिसात चालायची. ती मीच रंगवून सांगायचे, अर्जाचा नमुना क्रमांक घालून.

मी वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेलं, प्रबंधही पाणवनस्पतींवर. मला वाटायचं, नकाशा समोर असताना माणसाला तीन आठवडे ताटकळत ठेवण्यात काय अर्थ आहे? मी पत्ता विचारायचे, स्क्रीनवर प्लॉट काढायचे, अंतर मोजायचे आणि सांगायचे: हो, किंवा नाही. लोक खूश होऊन जायचे. एकजण तर अर्जकाकूंच्या रांगेतून उठून माझ्या रांगेत येऊन उभा राहिला होता. काकू त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "जा बाबा, तिकडे गरमागरम मिळतं." मला तेव्हा ते कौतुकच वाटलं.

आत्याचा फोन आला तो एका रविवारी सकाळी.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही. सरोवराच्या काठी तिची रोपवाटिका आहे, वीस वर्षं तिनं ती एकटीनं चालवली. जागा किनाऱ्यालगतची असल्यामुळे रोपवाटिकेला आमच्या कार्यालयाचा परवाना लागतो, आणि दर पाच वर्षांनी तो नवा करून घ्यावा लागतो.

"शास्त्रीणबाई, उठलात का?"

"केव्हाच. बोल."

"मागची खोलगट जागा आहे ना, शिंपीकाकांच्या कुंपणाकडची? तिथे भर टाकून घेते म्हणते. काचघर उभं करायचंय. थंडीत रोपं मरतात गं, दरवर्षी जीव तुटतो. तुमच्या ऑफिसात येऊन विचारावं लागेल का?"

"आत्या, ऑफिसच बोलतंय तुझ्याशी."

ती हसली. मी लॅपटॉप उघडला. नकाशावर पाणथळ जागा निळ्या रंगात दाखवलेल्या असतात. तिचा प्लॉट शोधला. निळं कुठेच नव्हतं. किनाऱ्याचा संरक्षित पट्टा पन्नास मीटरचा, आणि खोलगट भागाची जवळची कड पाण्यापासून एकाहत्तर पूर्णांक चार मीटरवर. मी तिला दशांशासकट सांगितलं.

"म्हणजे चालेल?"

"खुशाल टाक."

"नाही म्हणजे," ती जरा थांबून म्हणाली, "पाऊस होऊन गेला की तिथे महिनाभर पाय रुततो. परवा माझी एक चप्पल आत राहिली ती राहिलीच."

"पाय रुतला म्हणून जागा पाणथळ होत नसते, आत्या. त्याला निकष असतात."

"असं होय. मला काय कळतंय त्यातलं."

"मी बघतेय ना नकाशा. निळं नाहीये तिथे."

"मग झालं. तू म्हणतेस म्हणजे झालं."

त्या नकाशाच्या तळाशी बारीक अक्षरात एक टीप आहे. अर्ध्या हेक्टरपेक्षा लहान पाणथळ जागा या नकाशात दाखवलेल्या नाहीत. त्यांनाही संरक्षण लागू आहे. प्रत्यक्ष पाहणी करावी. ही टीप मला माहीत नव्हती असं म्हणायची सोय नाही. नोकरीला लागल्यावर दुसऱ्या आठवड्यात आमच्या प्रशिक्षणात ती सगळ्यांसमोर वाचून दाखवायला सांगितली होती, आणि आवाज स्पष्ट आहे म्हणून ती मीच वाचली होती. निळं नाही याचा अर्थ एवढाच की तिथे मोठं काही नाही. लहानाबद्दल नकाशा काही बोलतच नाही. लहान असेल तर ते माणसानं जाऊन, माती उकरून, झाडं बघूनच ठरवायचं. अर्जकाकूंचा 'माणूस येऊन बघेल' तो यासाठी.

आणि आत्या तर माणूसच होती. वीस वर्षं येऊन बघत होती.

तीन आठवड्यांनी मी तिच्याकडे गेले तेव्हा अकरा ट्रक माती पडून, दाबून सपाट झाली होती. काचघराचे चार लोखंडी खांब उभे होते. कुंड्या घ्यायला आलेल्या दोघी बायकांना आत्यानं मला दाखवलं. "ही माझी भाची. पाणथळवाल्या ऑफिसात आहे. काहीही विचारा, तोंडावर उत्तर. ते अर्जबिर्ज नाही."

मी भरावाच्या कडेनं एक चक्कर मारली. मातीच्या ढिगाखालून थोडी पाती बाहेर डोकावत होती. मी सवयीनं एक देठ तोडला आणि दोन बोटांत फिरवला. तो गोल फिरेना. तीन कडा बोटांना लागल्या. तीन कडांचा देठ म्हणजे लव्हाळ्याच्या जातीतलं गवत, आणि हे नेमकं गवत मुळं पाण्यात असल्याशिवाय जगत नाही. त्याच्यावर मी प्रबंधाची चाळीस पानं लिहिली होती.

मी तो देठ कुंपणापलीकडे टाकला आणि चहा प्यायला आत गेले.

पुढच्या महिन्यात सलग दोन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी टपालात एक तक्रार आली. टपाल नोंदवायचं काम त्या आठवड्यात माझ्याकडे होतं. तक्रारदार एक शिंपी, वय सत्तर. शेजारच्या प्लॉटवर भर टाकल्यामुळे पाणी माझ्या तळमजल्यावरच्या कामाच्या खोलीत शिरलं; गिऱ्हाइकांचे नऊ बेतलेले कपडे भिजले; एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. अक्षर शाळेतल्यासारखं, प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून लिहिलेलं. मी पत्ता दोनदा वाचला. मग नोंद क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि कागद पाहणी अधिकाऱ्यांच्या ट्रेमध्ये ठेवला. शिक्का सरळ उमटला आहे ना, हेही बघितलं.

पाहणी अधिकारी म्हणजे आमचे साहेब. कमी बोलणारे, बुटांना कायम चिखल. चार दिवसांनी ते खिडकीपाशी आले. "लेखनिक रजेवर आहे. तुम्ही चला. मातीचं गिरमिट चालवता येतं ना?"

"येतं."

"ती माझी आत्या आहे" हे चार शब्द होते. जीपमध्ये पंचवीस मिनिटं होती. साहेबांनी वाटेत दोनदा हवेविषयी काहीतरी म्हटलं, आणि मी दोन्ही वेळा हवेविषयीच बोलले.

आत्या फाटकात उभी होती. शिंपीकाका त्यांच्या कुंपणापलीकडे, गळ्यात टेप, हाताची घडी. आत्यानं आधी साहेबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या पॅडकडे. तिच्या चेहऱ्यावर एका क्षणात काहीतरी हिशेब झाला.

"या साहेब," ती म्हणाली. आणि मला, "या मॅडम. सांभाळून, वाट ओली आहे."

जिनं मला चालायला शिकवलं ती मला सांभाळून या म्हणाली, अहो-जाहो करून, आणि मी म्हणाले, "थँक्यू."

साहेबांनी भरावाच्या कडेला तीन ठिकाणं दाखवली. मी गिरमिट फिरवलं. वरची माती लाल, भुसभुशीत, बाहेरून आणलेली. त्याखाली हात जड झाला आणि पोलादाच्या टोकाला चिकटून राखाडी माती वर आली. ओली, घट्ट, आणि जुन्या मुळांच्या वाटेवर गंजासारख्या तांबूस रेषा. माती वर्षातला बराच काळ पाण्याखाली असली की तिचा रंग असा उतरतो. याहून स्पष्ट पुरावा पाठ्यपुस्तकातही नसतो.

"काय दिसतंय?" साहेबांनी विचारलं.

"पाणथळ माती. तिन्ही ठिकाणी."

"लिहा."

शिंपीकाका कुंपणावरून म्हणाले, "अहो, त्याला माती कशाला उकरायला पाहिजे? मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. आमच्या आवाराचं सगळं पाणी त्या खड्ड्यातच जिरायचं. ह्यांनी बूच मारलं."

"तुम्हाला काही विचारलंय का, काका?" आत्या म्हणाली. "कपडे भिजले त्याची भरपाई देते म्हटलं ना मी?"

"कपड्याचं सोडा. शेजाऱ्याला सांगायची पद्धत असते."

आत्यानं तोंड फिरवलं. तिला असं कुणाकडून ऐकून घ्यायची सवय नव्हती.

साहेबांनी अहवालाचे रकाने एकेक विचारायला सुरुवात केली. क्षेत्रफळ, भरावाची खोली, तारीख. अकराव्या रकान्याशी ते थांबले. त्यात असं छापलेलं आहे: भराव टाकण्यापूर्वी कार्यालयाकडून माहिती घेतली होती काय? असल्यास कोणाकडून?

"बाई, हे नीट ऐका," साहेब म्हणाले. "कुणी आमच्या ऑफिसातून चुकीचं सांगितलं असेल, तर चूक आमची. भर काढायची, जागा होती तशी करायची, परवाना राहतो. न विचारता टाकली असेल, तर परवाना तीन वर्षं बंद. तेव्हा आठवून सांगा. विचारलं होतंत?"

मी पेन रकान्यावर टेकवून उभी होते. आत्या माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. तिनं बघितलं नाही. ती त्या चार लोखंडी खांबांकडे बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "कुणाला विचारलं नाही. माझं मीच ठरवलं."

"नक्की?"

"एकटी बाई आहे साहेब. माझं मीच ठरवते सगळं."

"लिहा," साहेब म्हणाले.

मी लिहिलं: नाही. स्वतःच ठरवले. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं. ते मला नंतर फार लागलं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. ती रोपांच्या पिशव्या भरत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "हात धू आणि त्या पिशव्यांना भोकं पाड. प्रत्येकीला सहा."

मी भोकं पाडायला लागले. "आत्या, मी उद्या साहेबांना सांगते."

"काय सांगतेस?"

"की मीच तुला सांगितलं होतं."

"आणि मग?"

"मग तुझा परवाना राहील."

"आणि तुझी नोकरी? दोन महिन्यांत कायम व्हायची आहेस ना?" तिनं पिशवी जमिनीवर आपटून माती बसवली. "हे बघ. तीन वर्षं काही जन्म नाही. मी घराच्या गच्चीवर रोपं करीन. तुझं आत्ता सुरू व्हायचंय. तुझ्या बापानं तुझ्या शिक्षणासाठी काय काय केलंय ते मी बघितलंय. त्याच्यासमोर मी काय तोंड घेऊन जाऊ?"

"पण चूक माझी आहे."

"चूक माझीही आहे. पाय माझा रुतत होता, तुझा नाही." आणि मग जरा मऊ आवाजात, "मी एकदा बोलले ते बोलले. आता मागाहून जाऊन मला खोटं पाडू नकोस. तेवढं कर माझ्यासाठी."

मी मान हलवली. फाटकातून बाहेर पडले आणि मला हायसं वाटलं. ते मला नाकारता येणार नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली, वारा लागत होता, आणि मी मनात म्हणत होते की तिनंच सांगितलंय ना. तिच्यासाठीच गप्प बसायचं आहे. माझ्या सोयीचं होतं तेच तिनं माझ्याकडे मागितलं होतं, आणि मी ते तिला मोठ्या मनानं देऊन टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जकाकूंनी खिडकी उघडायच्या आधी माझ्या टेबलावर फाइल ठेवली. "ही दुपारी साहेबांच्या सहीला जाते. एकदा सही झाली की आदेश निघतो. मग काही करता येत नाही."

"बरं."

"तुझं आणि त्या बाईंचं आडनाव एक आहे," काकू म्हणाल्या, चष्मा पुसत. "असतात म्हणा एका आडनावाची पुष्कळ माणसं."

त्यांनी चष्मा लावला, आणि पहिल्या माणसाला अर्ज दिला. माझे कान तापले. इतके दिवस मी त्यांची गोष्ट रंगवून सांगत होते. माझी गोष्ट त्यांनी एका वाक्यात ओळखली होती आणि कुणाला सांगितली नव्हती.

साडेअकराच्या सुमारास एक बाई माझ्या खिडकीशी आल्या. पिशवीतून घडी घातलेला प्लॉटचा कागद काढला. "मागे थोडी दलदलीसारखी जागा आहे. भिंत घालावी म्हणते. तुम्हीच ना त्या? रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं, चष्मेवाल्या मुलीकडे जा. तिचं एकदम पक्कं असतं म्हणाल्या."

"कधी म्हणाल्या?"

"झाला असेल महिना. फार कौतुक करत होत्या."

मी पत्ता टाइप केला. प्लॉट आला. निळं नव्हतं. बाई माझ्या तोंडाकडे बघत उभ्या होत्या, आत्यानं फोनवर ऐकलं असेल तशाच, कान देऊन. मी म्हणाले, "यावर माझं म्हणणं धरू नका. बाजूच्या खिडकीवर अर्ज मिळेल, तो भरा."

"पण त्या म्हणाल्या..."

"त्यांनाही मी चुकीचं सांगितलं होतं."

हे मी पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं, आणि सांगितलं ते एका अनोळखी बाईला. त्या गोंधळून काकूंच्या रांगेत गेल्या. मी खिडकी बंद केली, फाइल उचलली आणि साहेबांच्या खोलीत गेले.

साहेब जेवायला बसणार होते. मी उभ्यानंच सांगितलं. रविवार, फोन, निळं नव्हतं, एकाहत्तर पूर्णांक चार. ती पाय रुततो म्हणाली होती तेही. गवताचा देठही सांगितला, कारण तो लपवला तर बाकीचं सांगून काही उपयोग नव्हता. आणि शेवटी, ती माझी आत्या आहे.

साहेबांनी डब्याचं झाकण परत लावलं.

"जीपमध्ये का नाही बोललात?"

"माहीत नाही."

"माहीत आहे तुम्हाला."

"हो."

"उगाच रडू नका. फाइल उघडा. रकाना अकरा. जे लिहिलंय ते खोडायचं नाही. त्यावरून एकच रेघ मारायची, आधीचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहा. तारीख, वेळ, सही."

मी रेघ मारली. 'नाही. स्वतःच ठरवले' रेघेखालून स्वच्छ वाचता येत होतं. शेजारी जागा थोडी होती, त्यामुळे बारीक अक्षरात लिहावं लागलं: होय. माहिती खिडकीवरील सहायकाकडून, दूरध्वनीवर, घरून. मी स्वतः. सही. फाइल जिथे जाईल तिथे ते दोन्ही जाणार होतं.

"त्यांना बोलवावं लागेल," साहेब म्हणाले. "जबाब बदलायचा म्हणजे त्यांनीच बदलायला हवा. फोन तुम्ही करा."

आत्याला मी फोनवर काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही. तिनं काही विचारलं नाही. "येते" म्हणाली.

ती तीन वाजता आली. इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, नखांत मात्र माती. तिचा जबाब काकूंच्या टेबलाशी घ्यायचा होता, आणि टेबल खिडकीच्या मागेच. बाहेर सातआठ माणसं रांगेत. काकूंनी आवाज खाली ठेवला होता, पण कायद्यानं प्रश्न विचारावाच लागतो.

"पाहणीच्या वेळी आपण वेगळं सांगितलंत. कारण?"

आत्यानं आवाज खाली ठेवला नाही. "कारण खोटं बोलले. भाची आहे माझी. तिची नोकरी जाऊ नये म्हणून. लिहा तसंच."

रांगेतले दोघे वळले. आत्याच्या ओळखीचे एक रोपं नेणारे गृहस्थही होते, ते भिंतीवरचा नियमांचा तक्ता फार लक्ष देऊन वाचायला लागले. मी फायलींच्या कपाटाशी उभी होते. वीस वर्षांत त्या बाईनं कुणाला एक रोप वाळकं दिलं नव्हतं, आणि सातआठ माणसांसमोर तिच्या तोंडून 'खोटं बोलले' हे मी वदवून घेतलं होतं.

काकूंनी कागद तिच्यापुढे केला. तिनं वाचून सही केली. काकू हळूच म्हणाल्या, "चहा घेता का?" ती म्हणाली, "नको. उन्हाआधी पाणी घालायचं राहिलंय." तीन वाजून गेले होते.

मी तिच्यामागे बसथांब्यापर्यंत गेले.

"परवाना राहिला, आत्या."

"हो. ऐकलं मी."

"मला दुसरं काही सुचलं नाही."

ती रस्त्याकडे बघत होती. "तुला खरं बोलायचं होतं तर त्या दिवशी बोलायचं होतंस. मी समोर उभी होते. साहेबांनी दोनदा विचारलं. तेव्हा बोलली असतीस तर मला खोटं बोलायची वेळच आली नसती."

"हो."

"आता मी खोटारडी, आणि तू खरं बोलणारी."

तिनं ते ओरडून म्हटलं असतं तर मला उत्तर सापडलं असतं. पण रोपाला किती पाणी लागतं हे सांगावं तसं तिनं सांगितलं. बस आली. ती पुढच्या दारानं चढली आणि पलीकडच्या बाजूला बसली.

माझी नोकरी गेली नाही. कायम होणं एका वर्षानं पुढे गेलं आणि खिडकीवरून काढून मला अभिलेखागारात बसवलं. बाबा चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलले. आत्याला आदेश मिळाला: तीस दिवसांत भराव काढून टाकावा, मूळ राखाडी थराला धक्का न लावता. काचघराचे खांबही काढायचे.

पहिल्या रविवारी मी गेले. तिनं दोन मजूर लावले होते. शिंपीकाकांनी कुंपणाच्या दोन फळ्या काढून ट्रकला वाट करून दिली होती. ते आणि आत्या अजून एकमेकांशी बोलत नव्हते, पण त्यांनी मजुरांसाठी पाण्याची कळशी ठेवली होती.

आत्यानं मला फाटकात बघितलं. "कशाला आलीस?"

"भर काढायला."

"माणसं आहेत."

मी जाईना तेव्हा ती आत वळली. मी घमेलं उचललं आणि मजुरांच्या रांगेत लागले. माझे शहरी बूट पहिल्या दहा मिनिटांतच कामातून गेले. लाल माती भरायची, फळीवरून चालत न्यायची, ट्रकमध्ये टाकायची. दुपारपर्यंत एका कोपऱ्यात आम्ही बरेच खाली गेलो.

थोरल्या मजुरानं फावडं थांबवलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "ताई, तुम्ही ऑफिसच्या ना? अजून किती खाली जायचं?"

आत्या तिकडच्या टोकाला रोपं हलवत होती. तिनं ऐकलं. हातातली कुंडी खाली ठेवून ती खड्ड्याच्या काठावर आली.

"तिला नको, मला विचारा," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यात अजून वीतभर. इकडे मात्र थांबा आता, इकडे उथळ होतं."

मजुरानं तिनं दाखवलं तिथे वीतभर खणलं. राखाडी माती लागली. इकडच्या बाजूला मी बोटांनी उकरून बघितलं, दोन बोटांवर तीच माती होती.

मी वर बघितलं तेव्हा आत्या तिच्या कुंड्यांकडे परत निघाली होती. मी घमेलं भरलं आणि फळीवरून चालायला लागले.